चौदा इंची भिंत

सोलापुरात घराचं काम काढलं की गवंडी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. मजुरी रोजाने की उक्ती, वाळू नदीची की क्रशची, सिमेंट कोण आणणार, हे सगळं त्यानंतर. "नळ कितव्या दिवशी सुटतो तुमच्याकडं? हौद केवढ्याचा आहे?" उजनी धरणात 117 टीएमसी पाणी मावतं. तिथून शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून ते शहरात येतं, जोडीला टाकळीचं आणि हिप्परग्याचं पाणी आहे, तरी आमच्या गल्लीत नळाची पाळी चार दिवसांनी, एखाद्या वेळी पाचव्या. धरण भरून वाहत असलं तरी हाच हिशोब. आणि गिलाव्याला पाणी रोज लागतं. सिमेंट उन्हात वाळून घट्ट होतं अशी पुष्कळांची समजूत असते. ते घट्ट होतं पाण्याबरोबर होणाऱ्या क्रियेने, आणि ती क्रिया पुरी व्हायच्या आत भिंत कोरडी पडली तर गिलावा भुसभुशीत राहतो, नखाने खरवडला तरी पीठ निघतं. म्हणून निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. ज्या गावात माणसं स्वतःच्या आंघोळीचं पाणी मोजून घेतात, तिथे भिंतीला दिवसातून दोनदा आंघोळ घालायची म्हणजे जिवावर येतं. आम्ही मग कामाचं सगळं वेळापत्रकच नळावर बेतलं. नळ सुटायच्या आदल्या दिवशी फोडाफोड, हौद भरला की गिलावा.

घर सासऱ्यांनी 1968 साली बांधलेलं. पूर्व भागात, अशोक चौकातून आत. सासरे मिलमध्ये होते. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीतल्या जुडाईच्या चौदा इंची विटांच्या भिंती, पुढच्या दोन खोल्यांवर आधी माळवद होतं ते उतरवून नंतर स्लॅब टाकलेला, खाली शहाबादी फरशी. यातली एक भिंत आमची एकट्याची नाही. ती शेजारच्या घराशी सामाईक आहे. त्या काळी दोन कामगारांनी मिळून एक भिंत उभी केली की दोघांचाही खर्च वाचायचा, आणि कागदावर काही लिहून ठेवावं असं दोघांनाही वाटायचं नाही.

आमचा मुलगा पुण्याला असतो. (आमच्या वयाच्या सोलापूरकराला मुलगा कुठे असतो हे विचारू नये. तो पुण्यालाच असतो.) त्याचं म्हणणं होतं की हे सगळं सोडा, जुळे सोलापुरात फ्लॅट घ्या. ते मी मोडून काढलं. मग म्हणाला, निदान फॉल्स सीलिंग करा आणि ही फरशी काढून चकचकीत टाइल टाका. तेही मोडून काढलं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी शहाबादीवर नुसती चटई टाकून पडण्यात जे सुख आहे ते पुण्यातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. शहाबाद आमच्यापासून लांब नाही, रेल्वेने निघालात तर कलबुर्गीच्या पुढे. तो चुनखडीचा दगड आहे, एवढं एक मात्र काम करणाऱ्यांना बजावून सांगावं लागतं. कारण काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला कुणीतरी हमखास ॲसिडची बाटली घेऊन येतो. चुनखडीवर ॲसिड पडलं की ती फसफसते, वरची कातडी जाते आणि फरशी कायमची आंधळी होते. आमच्याकडे ती बाटली मी दारातूनच परत पाठवली.

काम खरं म्हणजे एका ओलीपायी काढलं होतं. सामाईक भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल असायची. दर दिवाळीला खरवडायची, पुट्टी भरायची, रंग मारायचा. शिमग्यापर्यंत फुगे यायचे, फुगे फुटायचे आणि आतून पांढरा लोणा गळायचा. ओलीबरोबर विटांतले आणि मातीतले क्षार वर चढतात, भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार तिथेच साचतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात. रंगाच्या दुकानात गेलं की ते ओल थांबवणारा भारी रंग हातात देतात. तोही लावून पाहिलेल्या लोकांची घरं मी पाहिली आहेत. पाणी जातं कुठे? रंगाने तोंड बंद केलं की ते आणखी फूटभर वर चढतं. जुन्या भिंतीला श्वास घेऊ द्यावा आणि पाणी मुळात येतं कुठून ते शोधावं, हे सांगणाऱ्याला दुकानात काही विकता येत नाही, त्यामुळे ते कुणी सांगत नाही.

आमचे मिस्त्री अक्कलकोटकडचे. घरी कानडी, आमच्याशी मराठी, फॅब्रिकेशनवाल्या भाईंशी हिंदी आणि शेजारच्या अव्वाशी तेलुगू. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिली, एका जागी कान लावला आणि म्हणाले, "पाणी हिकडलं न्हाई बाई. पलीकडल्या मोरीतनं पाझरूलालंय."

पलीकडे अव्वा.

अव्वाचं वय सत्तरीच्या पुढे, उंची पाच फुटाला कमी. नवरा यंत्रमागावर होता, तो जाऊनही बराच काळ लोटला. मुलगा भिवंडीला मागावरच आहे, मुलगी तेलंगणात सिरसिल्ल्याला दिलेली. अव्वा स्वतः लग्नाच्या आधीपासून विड्या वळते. तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत गेल्या. विडी कामगार बायकांची 10,000 घरं तिथे 2006 साली उभी राहिली, आणि त्यानंतर रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प आला, त्यातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या. अव्वा गेली नाही. तिचं घर तिच्या नावावर होतं, आणि इथून विडीचा कारखाना पायी गाठता येतो. दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी, पडवीत मोरी आणि संडास. सासूबाई होत्या तोवर दोघींचं भिंतीआडून बोलणं चालायचं. एक मराठीत, दुसरी तेलुगूत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या भांडतात.

मोरीचं काम काढायला लागेल म्हणून मी आणि मिस्त्री तिच्याकडे गेलो तर तिने आम्हाला उंबऱ्यातच उभं केलं. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालूच. "मोरी माझा, ओल तुझ्या घरात," ती म्हणाली. "पैसा कोण देणार?" तिची मराठी अशीच आहे, स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड तिने कधी ठेवली नाही. मी म्हटलं, मी देणार. त्यावर ती आणखीच सावध झाली. फुकटचं काम म्हणजे यात नक्की काहीतरी पोटात आहे, असा तिचा चेहरा. "नको. गड्डा होऊ दे. मग बघू."

गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या आसपास सात नंदीध्वज निघतात, 68 लिंगांना तेलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या दिवसांत कुठलाही मिस्त्री तुमच्या कामावर येत नाही आणि यावा अशी अपेक्षाही कुणी करत नाही. आमचंही काम थांबलं. अर्धा फोडलेला गिलावा, हॉलमध्ये वाळूचा ढीग, त्यावर मांजर.

यात्रा संपत आली होती. पहाटे नळ सुटला होता आणि गल्लीत सगळीकडे मोटारी चालू होत्या, त्या आवाजात भिंतीवर काहीतरी वाजल्यासारखं झालं. मोटर बंद केली तेव्हा नीट ऐकू आलं. तांब्या. कुणीतरी पलीकडून तांब्याने भिंत ठोकत होतं, थांबून थांबून, अगदी ओलीच्या जागी. अव्वा शेवाळलेल्या मोरीत घसरून पडली होती आणि तिचा हात फक्त तिथवर पोहोचत होता. कडी आतून. समोरच्या घरातला मुलगा आमच्या गच्चीवरून तिच्या पत्र्यावर उतरला आणि त्याने दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. सिव्हिलला नेलं, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बदलला. मुलगा भिवंडीहून आला, राहिला, पण मागावर खाडा झाला की मजुरी नाही, त्यामुळे तो किती राहणार. मुलगी येऊन गेली.

अव्वा वॉकर घेऊन घरी परतली तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेपेक्षा गुडघा वर येईल अशा कुठल्याही ठेंगण्या जागी बसायचं नाही. मी ती चिठ्ठी तिला वाचून दाखवली आणि वाचतानाच माझ्या लक्षात आलं की या घरात यांतली एकही गोष्ट पाळता येण्यासारखी नाही. चूल सोडली तर सगळं जमिनीवर. जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, आंघोळ पाटावर, संडास देशी, आणि ज्या कामावर हे घर उभं राहिलं ते काम मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन करायचं.

गल्ली आली. आमची गल्ली या बाबतीत चांगली आहे. पहिला आठवडा डबेच डबे. कुणी भात-सांबार, कुणी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, कुणी नुसतंच येऊन दारात उभं राहून "काय करूलालाव अव्वा?" विचारायचं. अव्वा डबे ठेवून घ्यायची आणि धुऊन परत करायची, रिकामा डबा कधी दिला नाही, चिमूटभर साखर तरी टाकून. पण मी बघत होते की ती खात नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खाल्लं तर जायला लागते ना बाई." जायला दोन बायका लागत होत्या, एक धरायला आणि एक पाणी द्यायला. दुसऱ्याच्या हातांनी संडासला जायला नको म्हणून बाई उपाशी राहत होती आणि आम्ही डबे वाढवत होतो.

मग मी तिलाच विचारलं, काय काय पाहिजे ते सांग. तिने बोटांवर मोजलं. एक, संडासला एकटीने जाता आलं पाहिजे. दोन, आंघोळ एकटीने. तीन, विडी. जेवण त्या यादीत नव्हतंच.

आमच्याकडे सगळे कारागीर घरातच होते. मिस्त्री, बिगारी, सुतार, खिडक्यांच्या जाळ्यांसाठी येणारे फॅब्रिकेशनवाले भाई. माझ्या घराचं काम थांबवून ही माणसं शेजारी वळवायची, एवढंच करायचं होतं. याला लोक नंतर मदत म्हणायला लागले. त्यांना मी सांगते, ओल माझ्या भिंतीची होती. मोरी दुरुस्त झाल्याशिवाय माझा एक पैशाचा रंग टिकणार नव्हता. माझ्या स्वार्थात तिची सोय बसत होती आणि मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. उलट, नुसत्या दयेपोटी काम काढलं असतं तर अव्वाने आम्हाला पुन्हा उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं. या वेळी मी सरळ म्हटलं, "माझी भिंत कुजतीये, मला तुझी मोरी फोडायची आहे," तेव्हा तिने वॉकर बाजूला घेतला.

संडासाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की देशी भांडं काढून कमोड बसवावा. अव्वा एकटी म्हणाली, नको. तिचं कारण बिनतोड होतं. कमोडला एका वेळी सात-आठ लिटर पाणी लागतं, तिला अर्धी बादली पुरते, आणि नळ चार दिवसांनी येतो. पडवीत बॅरल दोनच. मग सर्जिकलच्या दुकानातून घडीची स्टीलची खुर्ची आणली, मध्ये भोक असलेली, ती देशी भांड्यावर बरोबर उभी राहते. पाय कमी-जास्त करता येतात. बसल्यावर गुडघा कमरेच्या खाली राहील एवढी उंची आम्ही सुतळीने मापून घेतली. फोडाफोड शून्य. त्यातले शहाणपणाचे शब्द तिचे होते, खुर्ची पसंत करणं एवढंच आमचं.

मोरीची फरशी मात्र उचलली. खालचा पाइप जिथे वळतो तिथे फुटलेला होता, वर्षानुवर्षं आमच्या भिंतीला पाजत होता. तो बदलला, खाली कोबा केला, उताराची नळीने लेव्हल घेतली. नव्या टाइल्स आणायचं ठरत होतं तेव्हा मिस्त्री काही न बोलता उचललेल्या शहाबादीची एक लादी उलटी करून माझ्यासमोर ठेवून गेले. शहाबादीची वरची बाजू वापरून वापरून साबणासारखी गुळगुळीत होते. खालची बाजू जशी खाणीतून निघाली तशीच असते, खरबरीत, पायाला धरून ठेवणारी. जुन्याच लाद्या, जुन्याच जागी, फक्त पालथ्या. नवीन खर्च म्हणजे अर्धं पोतं सिमेंट आणि आमच्या हॉलमधली वाळू. बाजारात न घसरणाऱ्या टाइल्सचे कितीतरी प्रकार मी पाहून आले होते. या एका उलट्या लादीपुढे त्यातलं काहीच टिकलं नाही.

खरी खटपट झाली ती आधाराच्या दांडीची. भाईंनी सव्वा इंची स्टीलचा पाइप वाकवून आणला आणि नेहमीच्या सवयीने जमिनीपासून तीन फुटांवर खडूने रेघ मारली. अव्वा तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि तिने हात वर केला तर तो रेघेपर्यंत जाऊन नुसता टेकला. धरून उठायचं तर जोर खांद्यातून नव्हे, कोपरातून यायला हवा. तिने पाइप मागून घेतला, भिंतीला लावून स्वतःच वर-खाली करत बसली. कधी आडवा, कधी तिरका. भाई घड्याळ बघत होते. शेवटी तिने तिरका धरला, खालचं टोक गुडघ्यापाशी, वरचं छातीपाशी, आणि म्हणाली, "इथे. उठताना हात वर-वर जातो." ते ऐकून भाई गप्प झाले. घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या आईला खुर्चीत बसवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की अव्वाचं बरोबर आहे.

दांडी बसवायची कशावर हा पुढचा पेच. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर ठोकला की तो आत फुगून पक्का बसतो. आमची भिंत मातीतल्या जुडाईची. फास्टनर फुगला की विटेच्या शेजारची माती सरकणार, आणि दांडी एखाद्या दिवशी अव्वाच्या हातात येणार. सुटलेली दांडी ही नसलेल्या दांडीपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विसंबलेला असतो. मिस्त्री आणि भाई, दोघांनी कानडी-हिंदीची खिचडी करत बराच वेळ वाद घातला आणि मग भाई माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आरपार करना पडेगा."

आरपार म्हणजे आमच्या घरात. दीड फुटी ड्रिल लावून सामाईक भिंतीला चार भोकं पाडली. बारा एमएमच्या आटेवाल्या सळया या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेल्या. पलीकडे दांडीच्या पट्ट्या, अलीकडे आमच्या हॉलमध्ये वीतभर लांबी-रुंदीच्या दोन जाड लोखंडी प्लेटा, त्यांवर वॉशर आणि नट. प्लेटेमुळे ओढ एका विटेवर न येता भिंतीच्या मोठ्या भागावर वाटली जाते. नट आवळताना भाई आमच्या बाजूला पाना घेऊन आणि मिस्त्री पलीकडे दांडीला लोंबकळून, आणि दोघं भिंतीतून एकमेकांना ओरडून सांगताहेत. मिस्त्रींचं वजन पेललं म्हटल्यावर अव्वाची काळजी नव्हती.

पेंटरला त्या प्लेटा बघवेनात. तो म्हणाला, वर पीओपी भरून गुळगुळीत करतो, कळणारसुद्धा नाही. मी नको म्हटलं. सळईचा नट कंपनांनी सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागणार, आणि त्यासाठी तो दिसायला हवा. शिवाय एवढ्यात पुट्टी भरायचीच नव्हती. ओलीचं मूळ गेलं तरी चौदा इंची भिंत आतून सुकायला वेळ घेते. आमच्याकडे फेब्रुवारीपासून हवा कोरडी आणि ऊन कडक, एक अख्खा उन्हाळा तिला द्यायचा आणि मग चुना, असं ठरलं. सिमेंटपेक्षा चुना मला अशा भिंतीला बरा वाटतो, तो ओल अडवून धरत नाही, बाहेर जाऊ देतो. पाहुणे येतात ते हॉलमध्ये बसतात आणि उघड्या गिलाव्यावरच्या त्या काळ्या प्लेटांकडे बघतात. एकीने विचारलं, "टीव्ही लावायचा आहे का?"

या सगळ्यात गिलाव्याचं पाणी राहूनच जात होतं. मोरीच्या भिंतीचा ताजा गिलावा, हौदात पाणी बेताचं, पुढची पाळी लांब. अव्वा खुर्चीत बसून बघत होती. तिने घरातून दोन गोणपाटं काढायला लावली. तेंदूची पानं कोरडी पडली तर कातरीखाली फुटतात, वळताना चिरतात, म्हणून ती भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, हे तिचं जन्माचं काम. "सारखा पाणी कशाला मारता? कपडा लावा, कपडा भिजवा." खिळ्यांना गोणपाट लटकवलं. सकाळी एक बादली टाकली की संध्याकाळपर्यंत भिंत गार. खांबाला गोणपाट गुंडाळून पाणी मारतात हे मिस्त्रींना ठाऊक होतं, पण छोट्याशा मोरीसाठी कुणी तेवढा खटाटोप करत नाही. त्यांनी नंतर आमच्या हॉललाही तेच केलं आणि आमचं निम्मं पाणी वाचलं.

तिसरी गोष्ट विडी. ती सोड, असं तिला मी सोडून सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी, मुलाने, गल्लीने. मला तिच्या कामाचं कौतुक आहे असं समजू नका. तंबाखूच्या धुळीने तिला सकाळी खोकल्याची उबळ येते ती भिंतीपलीकडून मी रोज ऐकते, आणि हजार विड्यांमागे हातात पडतं ते ऐकून कुणालाही राग यावा. पण हात रिकामे ठेवून ही बाई दिवसभर काय करणार, याचं उत्तर सोड म्हणणाऱ्यांपैकी एकाकडेही नव्हतं.

अडचण सुपाची होती. मांडी घातली की सूप मांडीवर सपाट बसतं. उंच खुर्चीत बसलं की मांड्या पुढे उतरत्या होतात आणि सूप घसरतं. टेबल दिलं तर ते लांब पडतं, पान उचलायला वाकावं लागतं. आमच्या सुताराने किचनच्या ट्रॉल्यांतून उरलेल्या प्लायची एक फळी कापली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी बसणारी, पोटाशी अर्धगोल कापलेली, पुढे सूप अडेल अशी बोटभर पट्टी. अव्वाने ती परत पाठवली. पट्टी उंच, मनगट घासतं. पट्टी तासली. पुन्हा परत. डाव्या हाताला पत्र्याचा फर्मा आणि कातर ठेवायला खण पाहिजे. खण केला. आणखी एकदा परत आली तेव्हा सुतार वैतागून म्हणाला, "नेमकं पाहिजे तरी काय म्हातारीला?" मी त्याला पलीकडे नेऊन उभं केलं आणि पाच मिनिटं नुसतं बघायला सांगितलं. पान उचललं, फर्मा ठेवला, कातर फिरली, चिमूट तंबाखू, बोटांत वळलं, तोंड मुडपलं, दोरा गुंडाळला. सुपाकडे ती बघतसुद्धा नव्हती. पण दोऱ्याची रीळ दर वेळी फळीवरून घरंगळत होती आणि ती पकडायला तिला कमरेतून वळावं लागत होतं. सुताराने खिशातून एक खिळा काढला, फळीच्या कोपऱ्यात ठोकला आणि रीळ त्यात अडकवली. फळी त्यानंतर परत आली नाही.

आता पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून झाले की समोरचा मुलगा ते कारखान्यात पोचवतो. पूर्वीइतक्या होत नाहीत. त्यातल्या छाटून परत आलेल्या विड्यांवरून त्या दोघांचं रोज वाजतं.

राहिला हिशोब. मोरी फोडायला निघालो तेव्हाच अव्वाने अट घातली होती की तिच्या भागाचे पैसे ती देणार. स्टीलची खुर्ची, दांडी आणि फळी यांचे पैसे मुलाने भिवंडीहून पाठवले. पाइप आणि मजुरी मी माझ्याकडे घेतली, कारण ती ओलीची होती, आणि हे तिला पटलं. सिमेंटचं राहिलं होतं. अर्ध्या पोत्याचे किती, म्हणून तिने विचारलं तर मी शंभर सांगितले आणि तिने तेव्हाच्या तेव्हा ट्रंकेतून काढून दिले. विषय संपला असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात समोरचा मुलगा आला. हातात नव्वद रुपये, चार नोटा आणि एक नाणं. अव्वाने त्याला नाक्यावरच्या दुकानात भाव विचारायला पाठवलं होतं.

"आज्जी म्हणाल्या, पोतं 380 ला आहे. अर्ध्याचे 190 होतात. बाई शाळेत पोरांना असंच गणित शिकवतात का?"

मी नोटा घेतल्या.

"आणि वाळूचे देणार नाही म्हणाल्या. ती तुमची उरलेली होती."